ठिपके, रेघा आणि माय

माझ्या मायला हळू बोलता यायचं नाही. शेडनेटच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या बाईला ओरडून सांगायची की तिसऱ्या ओळीत धागा बांधायचा राहिला, आणि तो निरोप नेटमधल्या बायांबरोबर देऊळगाव राजाच्या बाजाराला निघालेल्या माणसांनाही मिळायचा. आमचं घर गावाबाहेर, शेतातच होतं. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणाला लागूनच हिरव्या जाळीचं ते नेट. सकाळी आधी विहिरीवरची मोटर घरघरायची, मग तव्यावरच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास सुटायचा, आणि मग मायचा आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. थंडीत तुरीच्या शेंगा भरल्या की ती हिरव्या दाण्यांची, आम्ही त्यांना सोले म्हणतो, वांगी घालून भाजी करायची. भाजी रटरटत असायची आणि माय चुलीपुढे बसूनच अंगणातल्या बाबांशी, गोठ्यातल्या गाईशी आणि मागच्या दारी भांडी घासणाऱ्या माझ्याशी एकाच वेळी बोलत असायची. बाबा तिच्या उलट. विचारलं तेवढंच सांगणारे. त्यांच्या वाटणीचंही मायच बोलते असं गावात म्हणायचे, आणि बाबा त्यावरही नुसते हसायचे.

आमच्या भागात भाजीपाल्याचं बी तयार करायचं काम बरंच चालतं. आमच्याकडे मिरची होती. कळी उमलायच्या आत ती चिमट्यानं हळूच उघडायची, तिच्यातले नराचे भाग काढून टाकायचे, मग नराच्या ओळीतल्या फुलांचे पराग तिला लावायचे आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. माय त्यात इतकी तरबेज की आजूबाजूच्या शेतांतल्या बायका तिचा हात पाहायला यायच्या. त्यामुळे एका सकाळी तिच्या बोटांतून चिमटा गळून पडला, तिनं उचलला आणि पुन्हा पडला, तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्याजवळ गेले. "बोटायले मुंग्या येऊन राह्यल्या वं," ती म्हणाली. आठवड्यापूर्वी तिला जुलाब होऊन गेले होते, त्याचा अशक्तपणा असेल म्हणून बाबांनी तिला घरी जायला सांगितलं. ती घराच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच बसली. उठायला गेली तर पाय तिचं ऐकेनात.

देऊळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच बुलडाण्याला न्यायला सांगितलं. तिथल्या खाजगी दवाखान्यात पोहोचलो तोवर तिचे हातही गेले होते. दोन दिवसांत श्वास लागायला लागला आणि मशीन लावावं लागलं. पुढे गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवली, म्हणजे आवाज उरलाच नाही. हात, पाय, मान, ओठ, काही हलेना. फक्त डोळे आणि पापण्या. डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं, "यांच्या नसांना सूज आली आहे. मेंदू अगदी चांगला आहे. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. बरेच लोक यातून बरे होतात, पण किती दिवस लागतील ते कोणालाच सांगता यायचं नाही." बाबांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. मी मात्र 'सगळं ऐकू येतं, सगळं समजतं' एवढंच घेऊन बाहेर आले. नेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलणारी बाई, आणि तिला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, आणि एक शब्द बाहेर काढता येत नाही. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. मला एवढं कळलं की मायला बोलतं करायचं, आणि ते दुसरं कोणी करणार नाही.

सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ एकेकाला आत सोडायचे. तिथल्या सुनंदा सिस्टरनं मायला शिकवलं होतं, हो असेल तर एकदा डोळे मिटायचे, नाही असेल तर दोनदा. पण त्यासाठी आपल्याला नेमका प्रश्न सुचावा लागतो. माय रडत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी निघायचं आणि कानशिलावरून उशीत जिरायचं. दुखतं का? हो. पाय? नाही. हात? नाही. पोट? नाही. पाठ? नाही. यापुढे मला प्रश्नच सुचेना. मग मी बाराखडीचा प्रयोग केला. मी क, ख, ग म्हणत जायची आणि हवं ते अक्षर आलं की तिनं डोळे मिटायचे. 'क'लाच तिनं डोळे मिटले. पुढच्या अक्षरासाठी मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर मधेच तिला खोकल्याची उबळ आली, नळी साफ करावी लागली आणि मला बाहेर काढलं. क म्हणजे काय? कंबर? काळजी? कोण? बाबा म्हणाले, "कंटाळली असंन." आणि ते व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

बसस्टँडसमोर कय्यूमभाईंचं इंटरनेटचं दुकान होतं. पाच कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे. आजाराचं इंग्रजी नाव सिस्टरकडून लिहून घेऊन मी तिथे गेले होते. ते वाचून झालं तरी मी उठले नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं की माणसाला बोलता येत नाही, हात हलत नाहीत, फक्त डोळे हलतात, तर तो बोलतो कसा. एकामागून एक पानं उघडत गेली, आणि त्यातल्या एकावर लिहिलं होतं की काही माणसं पापण्यांनी मोर्स कोडमध्ये बोलतात. हा मोर्स कोड कोण हे शोधता शोधता ते पान सापडलं. अगदी साधं पान होतं. वर एक चौकट, खाली एक चौकट. वरच्या चौकटीत इंग्रजी अक्षर लिहिलं की खालच्या चौकटीत ठिपके आणि रेघा उमटायच्या. ठिपका म्हणजे आखूड, रेघ म्हणजे लांब. उलट, ठिपके आणि रेघा लिहिल्या तर अक्षरं मिळायची. मी वर माझं नाव लिहिलं, वंदा, इंग्रजी अक्षरांत. खाली बारीक नक्षीसारखं काहीतरी उमटलं. शेजारचं बटण दाबलं तर हेडफोनमधून टिक टिक टिक टाऽऽ असा आवाज आला. मग मी लिहिलं, 'माय'. मराठी अक्षरं टाकली तर ती चौकट गप्प राहायची, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की तिला काही अडचण नव्हती. आणि मायलाही नव्हती. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण बाबांच्या मोबाइलवरून मला मेसेज करायची तो इंग्रजी अक्षरांतच: 'bhaji takli, lavkar ye'. मेसेजमध्येसुद्धा ती ओरडतेय असंच वाटायचं.

आज ते पान फोनवर एका बोटानं उघडतं. मध्यंतरी माझ्या मुलीनं ते पाहिलं, स्वतःचं नाव टाकलं, टिकटाक ऐकलं, हसली आणि दुसरं काहीतरी पाहू लागली. मीही हसले. तिला त्यात काही दिसू नये, हेच बरं आहे.

मी रोज थोडी अक्षरं पाठ करायची आणि मायच्या कानाशी जाऊन ती तोंडानं वाजवून दाखवायची. आखूड म्हणजे टिक, लांब म्हणजे टाऽऽ; तिनं पापणी मिटून लगेच उघडली की टिक, मिटून ठेवली की टाऽऽ. ई म्हणजे एकच टिक. टी म्हणजे एकच टाऽऽ. ए म्हणजे टिक-टाऽऽ. पहिल्या दिवशी मी हे सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "माय, शिकतं का?" तिनं डोळे इतके घट्ट मिटले की पापण्यांना सुरकुत्या पडल्या. सिस्टर म्हणाल्या, "आजपर्यंत यांनी एवढा जोर कशातच लावला नव्हता." शाळेत मला पाढे पाठ करायला लावताना माय जशी हातात लाटणं घेऊन बसायची, तशीच चिकाटी तिनं आता स्वतःवर लावली. संध्याकाळी गेलं की सकाळची अक्षरं तिला आठवायची. एखादं चुकलं की ती दोनदा डोळे मिटायची, म्हणजे थांब, पुन्हा सांग. ती दिवसभर छताकडे पाहत पापण्यांनी सराव करत असते, हे सिस्टरनंच मला सांगितलं.

पण बोलायला लागली तेव्हा नुसता गोंधळ झाला. माणूस एरवीही पापण्या मिटतोच, आणि प्रत्येक मिटणं म्हणजे एक टिक, म्हणजे ई. मी डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेननं ठिपके आणि रेघा लिहून घ्यायची, खुणांवरून उलटं अक्षर ओळखायचा भरवसा नव्हता म्हणून धावत कय्यूमभाईंच्या दुकानात जायची, ते सगळं खालच्या चौकटीत टाकायची, आणि वर नुसते ई, ई, ई आणि मधूनच एखादं भलतंच अक्षर. दुसरी अडचण म्हणजे एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. मी ते मायला सांगितलं. उपाय तिनंच काढला. अक्षर संपलं की ती बुबुळं वर नेऊन छताकडे बघायची. आणि मधे कधी पापणी उगाच लवली, तर ती मोजायची नाही. मुद्दाम मिटलेली तेवढीच दाबून मिटायची. या ठरावानंतरच्या पहिल्या सकाळी तिनं मला तीन अक्षरं दिली. मी हातावर लिहिली आणि पळाले. टाऽऽ टिक टाऽऽ. टिक टाऽऽ. टाऽऽ टिक. चौकटीत आलं, KAN.

कान. मी तशीच परत आले. भेटायची वेळ संपली होती. मी काचेच्या दारावर थापा मारल्या, सिस्टर रागावून बाहेर आल्या. मी म्हटलं, "तिचा कान बघा, कान." त्यांनी आत जाऊन मायचं डोकं उचललं. उजवा कान डोक्याखाली दुमडून दबला होता, लालभडक झाला होता, मागे कातडी सोलवटली होती. कूस बदलताना दर वेळी तो तसाच दुमडला जात असणार. सिस्टरनं तो सरळ केला, मलम लावलं, खाली मऊ कापडाची चुंबळ ठेवली. संध्याकाळी मी गेले तेव्हा मायचे डोळे कोरडे होते. बाराखडीतल्या 'क'चा अर्थ तेव्हा कळला. मी व्हरांड्यात येऊन बाबांना सांगितलं. ते स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाले, "इतकंच होतं? कान?" आणि पंचा तोंडावर धरून रडले.

त्या व्हरांड्यात आमचा संसार थाटला होता. बुलडाण्याची थंडी आम्हाला सोसायची नाही. आमचं देऊळगाव त्यापुढे उबदार. सकाळी गावाकडून एसटीनं डबा यायचा. काकू तो कंडक्टरच्या हाती द्यायची, बाबा स्टँडवर जाऊन घ्यायचे. भाकरी गार झालेल्या असायच्या, पण भाजीला घरची फोडणी असायची, आणि डबा उघडला की शेजारच्या पेशंटांच्या नातेवाइकांपैकी कोणी लोणचं सरकवायचं, कोणी कांदा. मायला नाकातल्या नळीतून दुधासारखं पातळ काहीतरी द्यायचे. मी रोज तिला डब्यात काय आलं ते सांगायची. एकदा तिनं हातावर लिहून घ्यायला लावलं, MITH JAST. काकूच्या भाजीत मीठ जास्त असतं, हे तिचं कायमचं मत होतं. कय्यूमभाईंनी ते पडद्यावर वाचलं आणि खो खो हसले. त्यांनी तोवर मला विचारलंच होतं, "बेटा, हे हातावर रोज काय गोंदून आणते?" मी सांगितल्यापासून ते दुकानात शिरल्याबरोबर कोपऱ्यातला कॉम्प्युटर माझ्यासाठी रिकामा करून द्यायचे.

दिवस जात होते आणि हातापायांत काही फरक नव्हता. मशीन सुटत नव्हतं. अशात मोठेबाबा आले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, काकूचे नवरे, आमच्या घरातले कर्ते. त्यांचा मायवर राग नव्हता, उलट जीवच होता, पण भासरे, म्हणजे थोरले दीर, म्हणून माय त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. ते अंगणात आले की तिचा पदर डोक्यावर यायचा आणि गावभर ऐकू जाणारा तिचा आवाज बंद व्हायचा. काही सांगायचं असेल तर माझ्यामार्फत. त्यांनी आत जाऊन मायला पाहिलं, नळ्या पाहिल्या, आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "वंदाची माय, घरी यायचं का?" मायनं एकदा डोळे मिटले, ते सिस्टरनं त्यांना सांगितलं. हो. मोठेबाबा बाहेर आले ते डोळे पुसतच. "तिले घरी यायचं हाये," ते बाबांना म्हणाले. "कशाले हाल करतं तिचे? आपल्या घरी, आपल्या मानसायत डोळे मिटतीन. मीच इचारलं, हो म्हणे." बाबांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी समजावलं, मशीन काढलं तर त्या वाचायच्या नाहीत, थोडा धीर धरा. पण बाबांनी धीर शब्द इतक्या वेळा ऐकला होता की त्याला आता काही अर्थ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळसाठी गाडी सांगितली.

संध्याकाळची पाळी मी मागून घेतली. "माय, तू मोठेबाबाले घरी येतो म्हणली?" हो. "ते मशीन काढून नेतीन तुले. मशीन घरी येत नाई. ठाऊक हाये का तुले?" तिचे डोळे एकदम मोठे झाले. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी यायचं का म्हटल्यावर कोणता माणूस नाही म्हणेल? तिनं दोनदा डोळे मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा. मला कळलं, पण नुसतं 'नाही' घेऊन बाहेर गेले असते तर सकाळी हो म्हणाली, संध्याकाळी नाही म्हणते, तिला आता उमजत नाही, असंच सगळे म्हणाले असते. मी बाही वर केली. "बोल माय. तूच सांग त्यायले." ती बोलू लागली. दमून मधे थांबायची, पापणी थरथरायची, मी म्हणायची, थांबू का, तर दोनदा. शेवटचं अक्षर देऊन ती छताकडे पाहत राहिली तेव्हा सिस्टर मला न्यायला आल्या होत्या आणि माझ्या मागे थांबल्या होत्या.

मी स्टँडकडे पळाले. दुकानाजवळ पोहोचते तोच सगळा रस्ता काळवंडला. लोडशेडिंग. कय्यूमभाई दारात उभे होते. "बॅटरी बसली बेटा. आता दोन-तीन घंटे नाही येत." मी तिथेच पायरीवर बसले. रडू येत होतं. मग उरलेल्या उजेडात मी हात समोर धरला आणि पहिल्या खुणांकडे पाहिलं. टिक टाऽऽ टाऽऽ टिक. हे तर मला माहीत होतं. हा पी. पुढचा ए, तो तर पहिल्याच दिवशी शिकवलेला. मी बोट पुढे सरकवत एकेक अक्षर ओळखत गेले आणि कय्यूमभाई ते माझ्यामागून मोठ्यानं म्हणत गेले. इतके दिवस त्या चौकटीत टाकून टाकून ती सगळी अक्षरं माझी झाली होती आणि माझं मलाच माहीत नव्हतं. मनगटापाशी पोहोचल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. PAYANA YEIN. पायानं येईन.

व्हरांड्यात मोठेबाबा आणि बाबा एका चादरीवर बसले होते. मी हात पुढे करून वाचून दाखवलं. बाबा माझ्या हाताकडे बघतच राहिले. मोठेबाबा म्हणाले, "पोरी, तुह्या मनातलंच हे. तुले वाटते ते तुले दिसते. आम्हाले त नुसते ठिपके दिसते."

"मंग तुम्हीच इचारा तिले," मी म्हणाले. मोठेबाबांशी मी आयुष्यात इतकं चढून बोलले नव्हते. "मले ठाऊक नसंन असं काही इचारा. ती सांगंन, मी नुसतं वाचंन. चुकलं त खुशाल न्या घरी."

सकाळी गाडी दवाखान्याच्या दारात येऊन उभी होती. सिस्टरनं नियम मोडून आम्हा दोघांना आत सोडलं. मोठेबाबांनी सवयीनं भिंतीकडे तोंड वळवलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते वळले आणि पहिल्यांदाच मायच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "तुमच्या लग्नात मी रुसून बसलो होतो. काऊन रुसलो होतो ते आमच्या मायले आन् तुम्हालेच ठाऊक. माय त गेली. आता तुम्ही सांगा." मायनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. भासऱ्यांना उत्तर द्यायचं की नाही, हाच विचार ती तेव्हाही करत होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. मग पापण्या मिटायला लागल्या. मी या वेळी हातावर लिहिलं नाही. एकेक अक्षर तोंडानं म्हणत गेले. टी. ओ. पी. आय. मग ती थांबली, दम घेतला. एल. ए. एच. ए. एन. "टोपी लहान," मी म्हणाले. मला त्याचा काही अर्थ लागला नव्हता. मी मोठेबाबांकडे पाहिलं तर त्यांचा हात डोक्यावरच्या टोपीवर गेला होता. मानाची टोपी त्यांच्या डोक्याला लहान आली होती, भर मांडवात ती वरच्यावर बसली होती, आणि अपमान झाला म्हणून ते जेवले नव्हते. हे ते नंतर स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचे. त्या वेळी मात्र ते तडक बाहेर गेले, गाडीवाल्याला परत पाठवलं आणि बाबांना म्हणाले, "वंदाची माय पायानं येतो म्हणते. तवर इथंच राहायचं." मग त्याच दिवशीच्या एसटीनं ते गावी परत गेले आणि नेटवर उभे राहिले. क्रॉसिंगच्या बायका अर्ध्या येईनाशा झाल्या होत्या, त्यांना त्यांनी घरोघरी जाऊन आणलं. मायचे निरोप मी त्यांना फोनवर सांगायची. पाणी कमी द्या. नराची ओळ आधी पाहा. एकदा क्रॉसिंगच्या एका बाईसाठी नुसतंच, कमलाबाईले नीट चहा द्या.

बरं होणं काही गोष्टीत असतं तसं एका सकाळी झालं नाही. आधी उजवा अंगठा हलला. मग किती तरी दिवस काहीच नाही. मशीन अर्धा तास बंद ठेवून पाहिलं, ती घाबरी झाली, पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी तिनंच पापण्यांनी सांगितलं, बंद करा. असं करत करत मशीन सुटलं, नळी निघाली, आणि जो आवाज आला तो घोगरा, फुटका, हातभर अंतरावर ऐकू जाईल न जाईल असा. तो तसाच राहिला. नेटच्या दुसऱ्या टोकाला आता तिला चालत जावं लागतं, आणि ती जाते. घरी आणलं त्या दिवशी जीप अंगणात नेत होते, तर तिनं ती वाटेतच थांबवायला लावली. एका बाजूनं काकू, एका बाजूनं मी. तिचे पाय जमिनीवर फरफटत होते, वजन सगळं आमच्या खांद्यांवर होतं, पण ती पायानंच आली. त्यावर आमच्यापैकी कोणी वाद घातला नाही.

काही वर्षांनी सुनंदा सिस्टरचा फोन आला. साखरखेर्ड्याचा एक ट्रकड्रायव्हर तोच आजार होऊन दाखल झाला होता, मशीनवर होता, बायको वेड्यासारखी झाली होती. येशील का, त्यांनी विचारलं. मी निघाले तर माय आधीच पायात चपला घालून, काठी घेऊन उभी. तोवर मोबाइलवर इंटरनेट आलं होतं. मी त्याच्या बायकोला ते पान उघडून दिलं, चौकटी दाखवल्या. माय त्या माणसाच्या कानाशी स्टूल घेऊन बसली. माझ्यापेक्षा तिची पद्धत चांगली होती; तिला ठाऊक होतं की आतून कसं वाटतं, कधी थांबायचं, कधी रेटायचं. दोन-तीन दिवस आम्ही देऊळगावहून ये-जा केली. चौथ्या की पाचव्या भेटीत त्या माणसानं पहिला शब्द सुरू केला. मी खुणा सांगत गेले, त्याची बायको एका बोटानं मोबाइलवर ठिपके आणि रेघा टाकत गेली. टी. ए. एम. बी. ती पडद्यावर वाकून बघत होती. ए. के. एच. यू. तिनं ते मनाशी जुळवलं, डोळे विस्फारले, आणि हसत की रडत ओरडली, "तंबाखू! अवं, तंबाखू मागून राह्यला हा!" दारातल्या सिस्टरही हसू लागल्या. माय मात्र हसली नाही. ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"ते नाई भेटत, भाऊ. दुसरं बोला काही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, क्षणभर छताकडे पाहिलं, आणि पुन्हा पापण्या मिटायला सुरुवात केली.